मुद्देमाल आणि माणूस

गुन्हा घडून गेल्यावर मागे दोन प्रकारच्या खुणा उरतात. त्यांपैकी काही वस्तूंच्या असतात: रक्ताचा डाग, काचेचा तुकडा, काडतुसाची पुंगळी, दारावरचा ठसा, मोबाईलमधली नोंद. पोलीस ठाण्याच्या दप्तरात त्यांची नोंद ‘मुद्देमाल’ म्हणून होते आणि लाखेची मोहोर लावून त्या प्रयोगशाळेकडे रवाना केल्या जातात. उरलेल्या खुणा माणसांच्या वागण्यात असतात: कोणाचे कोणाशी बिनसले होते, मृत्यूची बातमी कोणी दडवली, कोणी खोटी पत्रे लिहिली, कोणाला तक्रार नोंदवायला वर्ष लागले आणि का लागले. पहिल्या प्रकारच्या खुणा वाचणाऱ्या शास्त्राला न्यायसहायक विज्ञान म्हणतात, तर दुसऱ्या प्रकारच्या खुणांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राला गुन्हेगारीशास्त्र. विद्यापीठांनी ही दोन शास्त्रे बहुधा वेगवेगळ्या विद्याशाखांत बसवली. पहिले रसायन आणि जीवशास्त्राच्या शेजारी, दुसरे समाजशास्त्र आणि कायद्याच्या शेजारी. परंतु महाराष्ट्रातील काही गाजलेल्या खटल्यांचे निकाल बारकाईने वाचले असता असे दिसते, की न्यायालयाला या दोन्ही खुणा एकाच वेळी वाचाव्या लागतात, आणि त्यांतली एकच वाचता येणारा तज्ज्ञ ऐन मोक्याच्या जागी अडतो.

न्यायसहायक विज्ञान हे स्वतंत्र मूलभूत विज्ञान नव्हे. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, वैद्यक आणि संगणकशास्त्र यांच्या पद्धती न्यायालयापुढील प्रश्नांसाठी वापरण्याचे ते शास्त्र आहे. विषशास्त्र, रक्तद्रवशास्त्र, बंदुका व गोळ्यांचा अभ्यास, संशयित दस्तऐवजांची तपासणी, अंगुलिमुद्रा, डीएनए आणि संगणकीय पुरावा या त्याच्या मुख्य शाखा होत. ‘हे काय आहे?’ आणि ‘हे कोठून आले?’ हे त्याचे प्रश्न आहेत. गुन्हेगारीशास्त्र निराळ्या अंगाने विचारते: गुन्हा ठरवतो कोण, तो कोणत्या परिस्थितीत घडतो, त्याची झळ कोणाला बसते, शिक्षा झाल्यावर पुढे काय होते. दंडशास्त्र, म्हणजे शिक्षा आणि तुरुंगव्यवस्थेचा अभ्यास, आणि पीडितशास्त्र, म्हणजे ज्याच्यावर गुन्हा ओढवला त्याच्या अनुभवाचा व हक्कांचा अभ्यास, या त्याच्या दोन महत्त्वाच्या उपशाखा आहेत.

या दोन शास्त्रांची गाठ किती घट्ट आहे, हे पुण्याच्या दोन खटल्यांतून उत्तम कळते. पहिला खटला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेहाने आजारी असलेल्या सधन विधवा नोव्हेंबर १९५६ मध्ये लागू यांच्यासोबत रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाल्या, गाडीतच बेशुद्ध झाल्या आणि १३ नोव्हेंबरला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात मरण पावल्या. रुग्णालयात त्यांचे नाव निराळेच सांगितले गेले होते, त्यामुळे मृतदेहावर हक्क सांगण्यास कोणी आले नाही, आणि शवविच्छेदन होईपर्यंत बरेच दिवस उलटले. रासायनिक विश्लेषकाला त्यांच्या शरीरात कोणतेही विष आढळले नाही. तरीही १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने लागू यांची फाशी कायम केली. बाई हयात आहेत असे भासवणारी पत्रे, त्यांच्या मालमत्तेची पद्धतशीर विल्हेवाट, खोटे नाव, मृत्यूनंतरचे मौन, हे सारे वर्तन एकत्र घेतले असता निर्दोषत्वाशी त्याचा मेळ बसत नाही, असे न्यायालयास वाटले. अनेक विषे शरीरात थोड्याच वेळात विघटित होतात, काहींसाठी त्या काळी खात्रीची चाचणीच नव्हती. तेव्हा प्रयोगशाळेच्या ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘दिले गेले नाही’ असा होत नाही, हा धडा या निकालाने कायमचा घालून दिला.

दुसरा खटला नेमका उलट दिशेचा आहे. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला, आणि या वेळी विषाबद्दल संशयाला जागा नव्हती, कारण मृत्यूचे कारण पोटॅशियम सायनाइड असल्याचे निष्पन्न झाले होते. सत्र न्यायालयाने पती शरद बिरधीचंद सारडा यांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. विष सापडले म्हणजे ते कोणी दिले हे सिद्ध झाले असे नाही. आरोपीच्या ताब्यात ते विष होते हे दाखवता आले नव्हते, आणि मंजुश्री यांनी आपल्या माणसांना लिहिलेल्या पत्रांतून जी मनःस्थिती दिसत होती तीवरून आत्महत्येची शक्यता खोडता येत नव्हती. याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडली गेली आणि न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ म्हटले: प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध व्हावी, ती केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळावी, ती निर्णायक स्वरूपाची असावी, दोषाखेरीज अन्य कोणतीही शक्यता तिने उरू देऊ नये, आणि पुराव्यांची साखळी अखंड असावी. भारतातील कनिष्ठ न्यायालयांत आजही क्वचितच असा परिस्थितीजन्य खटला चालतो, ज्यात या निकालाचा हवाला दिला जात नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून शिकवले गेले पाहिजेत. विष सापडले नाही तेथे दोष सिद्ध झाला आणि विष सापडले तेथे सिद्ध झाला नाही. केवळ विषशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला हा विरोधाभास वाटेल. केवळ गुन्हेगारीशास्त्र शिकलेला विद्यार्थी सायनाइड मिनिटांत मारते आणि काही विषे मागमूस ठेवत नाहीत हे न जाणता वर्तनाचा अर्थ लावू पाहील. दोन्ही शिकलेल्यास मात्र दिसेल, की दोन्ही खटल्यांत प्रयोगशाळेने आपले काम प्रामाणिकपणे केले होते आणि तिच्या उत्तराची सीमा कोठे संपते हेच न्यायालयाला ठरवायचे होते.

तिसरा खटला पनवेलचा आहे आणि तो या दोन्हींहून अवघड आहे, कारण त्यात मृतदेहच नव्हता. नवी मुंबई पोलीस दलातील सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाल्या. त्या कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याच्या. बेपत्ता असल्याची तक्रार कळंबोली पोलीस ठाण्यात झाली, गुन्हा नोंदवायला २०१७ साल उजाडले, आणि त्या वेळी वरिष्ठ पोलीस निरीक्षक असलेल्या अभय कुरुंदकर याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, २०१७ च्या प्रजासत्ताक दिनी, त्याला राष्ट्रपती पोलीस पदकही मिळाले होते. मृतदेहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकले गेले, असे तपासात पुढे आले. खाडीत शोधही घेतला गेला, पण हाती काही लागले नाही. पनवेलच्या सत्र न्यायालयाने ५ एप्रिल २०२५ रोजी कुरुंदकरला खुनासाठी आणि अन्य दोघांना पुरावा नष्ट केल्याबद्दल दोषी ठरवले, आणि २१ एप्रिलला कुरुंदकरला जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

मृतदेह सापडलाच पाहिजे असा दंडक भारतीय कायद्यात नाही. १९८१ सालच्या रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले होते. परंतु मृतदेह नसला, की न्यायसहायक विज्ञानाची निम्मी हत्यारे म्यान होतात: शवविच्छेदन नाही, मृत्यूची वेळ नाही, जखमेचा आकार नाही. मग मोबाईल आणि अन्य इलेक्ट्रॉनिक नोंदींवर भार पडतो. भ्रमणध्वनी कंपनीच्या नोंदीत कोणता फोन कोणत्या मनोऱ्याला जोडलेला होता हे कळते, फोन धरणारा हात कोणाचा होता हे कळत नाही; दाट वस्तीत एका मनोऱ्याचा पल्ला काहीशे मीटर असतो, खाडीकाठच्या उघड्या पट्ट्यात तो बराच वाढतो, आणि ही बाब न सांगता नकाशावर ठिपका काढून दाखवणारा तज्ज्ञ न्यायालयाची दिशाभूल करतो. या नोंदींना आशय येतो तो वर्तनाच्या अभ्यासातून. जी व्यक्ती रोज आपल्या घरच्यांशी संपर्क ठेवत होती तिचा संपर्क एका दिवशी तुटतो, तिचे व्यवहार थांबतात, आणि तरीही तिच्या भोवतालच्या एखाद्याला त्याचे आश्चर्य वाटत नाही, ही माहिती कोणत्याही उपकरणातून मिळत नाही.

या खटल्यात गुन्हेगारीशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग आहे तो तक्रारीपासून अटकेपर्यंतचा काळ. आरोपी आणि पीडित दोघेही ज्या यंत्रणेतले, तपासही त्याच यंत्रणेकडे. अशा वेळी संस्था स्वतःचे रक्षण कसे करते, कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाविरुद्ध जबाब नोंदवताना का कचरतो, कुटुंबाला न्यायासाठी उच्च न्यायालयापर्यंत का जावे लागते, हे प्रश्न गुन्हेगारीशास्त्राचे आहेत आणि त्यांचा थेट परिणाम न्यायसहायक पुराव्यावर होतो. खाडीच्या पाण्यात भरती-ओहोटीने गाळ सरकत राहतो. वाया गेलेल्या प्रत्येक महिन्यागणिक काही सापडण्याची शक्यता घटत जाते. पुरावा निसर्गाने नष्ट केला असे वरवर दिसते, पण त्याला वेळ माणसांनी दिलेला असतो. हे समजून घेणारा विद्यार्थी पोलीस दलात गेला किंवा प्रयोगशाळेत, त्याचे काम निराळ्या दर्जाचे होईल.

पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे खुर्द येथे याच स्वरूपाचे दुसरे उदाहरण आहे. मे २०१२ मध्ये तेथील रानात अर्धवट जळालेले मानवी अवशेष सापडले, नमुने मुंबईस पाठवले गेले, आणि उरलेले अवशेष तेथेच पुरण्यात आले. खुनाचा गुन्हा मात्र तेव्हा नोंदवला गेला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरण उघड झाल्यावर ती जागा पुन्हा खोदावी लागली. त्या खटल्यातील दोषादोषाचा विचार येथे कर्तव्य नाही. हाडांवरून वय व लिंग ठरवणारे न्यायसहायक मानवशास्त्र आणि हाडातूनही डीएनए मिळवणारे जीवशास्त्र २०१२ सालीही उपलब्ध होते, तरी बेवारस मृतदेहाची नोंद करून प्रकरण बाजूला पडण्याची सवय त्यांच्या आड आली, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

या दोन शास्त्रांना एकत्र नांदवण्याचा विचार जुना आहे. ऑस्ट्रियातील हान्स ग्रोस हे पेशाने तपास दंडाधिकारी होते; १८९३ साली त्यांनी दंडाधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात सूक्ष्मदर्शक, पादत्राणांचे ठसे आणि साक्षीदाराचे मानसशास्त्र यांना सारखेच महत्त्व दिले, आणि १९१२ मध्ये ग्राझ विद्यापीठात त्यासाठी संस्था उभी राहिली. त्याआधी १९०९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठात पोलीस विज्ञानाची संस्था निघाली होती, तिने पुढे गुन्हेगारीशास्त्रही आपल्यात सामावून घेतले आणि ती जोडणी आजतागायत टिकून आहे. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठाने १९५० मध्ये गुन्हेगारीशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली आणि पॉल कर्क यांच्यासारख्या जीवरसायनतज्ज्ञाने तेथे भौतिक पुराव्याचा अभ्यास नावारूपास आणला, परंतु १९७६ मध्ये ती शाळा बंद पडली. भारतात मान जातो सागर विद्यापीठाकडे: १९५९ मध्ये तेथे गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान असा एकत्रित विभाग सुरू झाला. मराठ्यांच्या अमलाखाली बराच काळ राहिलेल्या त्या शहरातून पुढच्या पिढ्यांतील अनेक प्रयोगशाळांना मनुष्यबळ मिळाले. दिल्लीत १९७२ साली या दोन्ही विषयांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि २०२० च्या कायद्याने निर्माण झालेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा ती आता भाग आहे. त्याच विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात फोंडा येथे आहे.

महाराष्ट्रात मात्र दोन प्रवाह बराच काळ वेगळे वाहिले. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेने गुन्हेगारीशास्त्र व सुधारप्रशासन हा विषय समाजकार्याच्या अंगाने वाढवला. १९९० पासून तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प पोलीस ठाणी, न्यायालये आणि तुरुंग येथे प्रत्यक्ष काम करतो. दुसरीकडे कलिना येथे मुख्यालय असलेल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाला लागणारे मनुष्यबळ घडवण्यासाठी राज्याने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था काढल्या. बारावी विज्ञान शाखेनंतरची पदवी आणि त्यानंतरची पदव्युत्तर पदवी, असा तेथील क्रम आहे. त्यांच्या अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्राला जागा असते, पण बहुधा एखाद्या विषयापुरती. आणि समाजविज्ञानाच्या विद्यार्थ्याला डीएनएचा अहवाल कसा वाचावा हे सहसा कोणी शिकवत नाही. ही दरी भरून काढणे अवघड नाही, परंतु त्यासाठी दोन्ही विभागांना एकमेकांच्या वर्गात बसण्याची तयारी हवी.

पनवेल हे या जोडअभ्यासासाठी फार अनुकूल ठिकाण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे तोंड कळंबोलीस, मुंबई-गोवा महामार्गाचा आरंभ पनवेलला, कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे जंक्शन येथे, शेजारी न्हावा-शेवा बंदर, आणि आता नवी मुंबईचे विमानतळही. २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात जुने वाडे, सिडकोच्या वसाहती, कातकरी वाड्या आणि लोखंडबाजार एकमेकांना लागून आहेत. गुन्हेगारीशास्त्रात लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला ‘दैनंदिन व्यवहारांचा सिद्धान्त’ प्रसिद्ध आहे. प्रवृत्त गुन्हेगार, सहज हाती लागणारे लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळल्या, की गुन्हा घडतो, असे तो सांगतो. महामार्गावर रात्री थांबलेले मालट्रक, पहाटेच्या गाडीसाठी आलेला एकटा प्रवासी, अर्धवट बांधलेल्या इमारतींची ओळ यांकडे या सिद्धान्ताच्या नजरेने पाहिले, तर गुन्ह्याचे कारण माणसाच्या स्वभावाइतकेच रस्त्याच्या रचनेत आणि दिव्यांच्या वेळापत्रकातही सापडू शकते, हे विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर कळते.

याच भूगोलाने प्रयोगशाळेचेही नियम ठरतात. पनवेल परिसरात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. रक्ताने भिजलेला कपडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढून डीएनए कुजतो; म्हणून तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा लागतो. विषाच्या तपासणीसाठी काढलेले अवयव, ज्यांना व्हिसेरा म्हणतात, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात; त्यासाठी मद्यार्क वापरला, तर पुढे मद्याच्या सेवनाबद्दल काहीही सांगता येत नाही. खाडीत सापडलेली व्यक्ती बुडून मेली की मेल्यावर पाण्यात टाकली गेली, हे ठरवताना डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा आधार घेतात: श्वासाबरोबर पाणी फुप्फुसात गेले, की ती रक्तातून हाडांच्या मज्जेपर्यंत पोहोचू शकतात, मृत शरीरात तसे अभिसरण होत नाही. मात्र ही चाचणीही सर्वमान्य नाही आणि ज्या पाण्यात मृतदेह मिळाला त्याच पाण्याचा नमुना तुलनेसाठी घेतला नसेल तर ती निरुपयोगी ठरते. असा नमुना घेण्याची आठवण पंचनामा चालू असतानाच तपासी अंमलदाराला व्हावी लागते.

ज्ञानाच्या या जोडणीची सर्वांत मोठी गरज मात्र महाराष्ट्राच्या इतिहासातील एका दुखऱ्या प्रकरणातून समजते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावे नोंदवणे, पुढे बोटांचे ठसे घेणे, हजेरी लावणे, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत डांबणे हे सारे कायदेशीर झाले, आणि सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्याची साक्ष आहे. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, इटलीत चेझारे लोम्ब्रोसो कवटीच्या आणि जबड्याच्या मापांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे सांगत होते. मापे काळजीपूर्वक घेतलेली होती, पण प्रश्नच चुकीचा होता. १८९७ मध्ये कोलकात्यात उघडलेला अंगुलिमुद्रा विभाग जगात अग्रेसर गणला जातो आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचे त्यातील काम अभिमानास्पद आहे. परंतु तेच तंत्र कोणाच्या बोटांवर रोज वापरले गेले, हेही विद्यार्थ्याने शिकले पाहिजे. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, संशय मात्र उरला. पारधी वस्तीवर चोरीनंतर पहिली धाड का पडते, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’सारखे आत्मकथन वाचलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. एखाद्यावर गुन्हेगाराचा शिक्का मारला, की समाज त्याला तसेच वागवतो आणि त्याचे इतर मार्ग बंद करतो, असे गुन्हेगारीशास्त्रातील शिक्क्याचा सिद्धान्त सांगतो. संशयिताची जात वा जमात आधीच कळलेल्या तज्ज्ञाची नजर ठसा जुळवताना खरोखर निर्मळ राहते का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

तो काल्पनिक नाही. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर सापडलेल्या पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफबीआय या संस्थेने ओरेगॉनमधील ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठरवला, अनेक अनुभवी तज्ज्ञांनी त्याला दुजोरा दिला, आणि त्यांना अटकही झाली. नंतर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच इसमाचा असल्याचे दाखवले. मेफिल्ड यांनी इस्लाम स्वीकारला होता, आणि अधिकृत चौकशीने या पार्श्वभूमीने तज्ज्ञांना आपली चूक तपासण्यापासून रोखले असावे असे सूचित केले. पहिल्या तज्ज्ञाचे मत दुसऱ्याला आधी न सांगणे, आणि तपासाची अनावश्यक माहिती प्रयोगशाळेपासून दूर ठेवणे, हे यावरचे साधे उपाय आहेत. डीएनएच्या बाबतीत धोका आकडेवारीच्या रूपाने येतो. यादृच्छिक माणसाचा नमुना जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक असेल, तर आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही दहा लाखांत एकच, असे समजणे ही गंभीर चूक आहे. दुसरा आकडा अन्य पुराव्यावर आणि संशयितांचा वर्ग किती मोठा धरला यावर अवलंबून असतो.

रक्त न सांडता होणारे गुन्हेही या अभ्यासाच्या कक्षेत येतात. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये प्रतिष्ठितांच्या, व्यवसायाच्या ओघात होणाऱ्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधले, तोवर गुन्हेगारीशास्त्र बहुतांशी गरिबांच्याच गुन्ह्यांचा विचार करीत होते. पनवेलकरांना यासाठी दूर जावे लागत नाही: कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, आणि आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या ठेवीदारांना पाच लाखांच्या विमा मर्यादेचा हिशेब मांडत बसावे लागले. अशा प्रकरणांत कर्जाच्या फायली, सह्या, खात्यांमधील पैशांचा प्रवास हाच मुद्देमाल असतो, आणि दस्तऐवज परीक्षकाबरोबर न्यायसहायक लेखापरीक्षक लागतो. निवृत्तीची रक्कम गेलेल्या माणसाला पीडित म्हणून कोणी विचारत नाही, याची जाणीव या लेखापरीक्षकाला पीडितशास्त्र करून देते.

या साऱ्याला १ जुलै २०२४ पासून कायद्याची निकड प्राप्त झाली आहे. त्या दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ च्या पोटकलम ३ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आणि त्याचे चित्रीकरण करावयाचे आहे. राज्यांना यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीच्या चित्रीकरणाची तरतूद कलम १०५ मध्ये आहे. आजवर पंचनाम्यावर सही करणारे पंच न्यायालयात फितूर झाले, की खटला कोसळत असे. चित्रीकरणाने तो धोका कमी होईल, पण कॅमेरा कोणाच्या हाती होता, तो मध्येच बंद का झाला, मूळ फाइल बदलली गेली नाही हे कशावरून, असे नवे प्रश्न उलटतपासणीत येतील. याचा अर्थ तालुक्याच्या पातळीवर असे तज्ज्ञ लागतील, ज्यांना नमुना उचलता येतो, कायद्याचे कलम ठाऊक असते आणि भेदरलेल्या कुटुंबाशी बोलताही येते. या तीन कौशल्यांपैकी तिसरे कोणत्याही रसायनशाळेत मिळत नाही.

पदवीनंतरच्या वाटाही त्यामुळे अधिक आहेत. प्रयोगशाळेतील वैज्ञानिक अधिकारी, बँका आणि विमा कंपन्यांचे तपासनीस, सायबर पोलीस ठाण्यांचे साहाय्यक, वकिलांना तांत्रिक अहवाल समजावून देणारे सल्लागार, आणि तुरुंगात काम करणारे समाजकार्यकर्ते. पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी अजून शिक्षा न झालेले, म्हणजे न्यायाधीन बंदी असतात, आणि प्रयोगशाळेचा अहवाल रखडणे हे खटले लांबण्याचे एक कारण आहे. नमुन्यांच्या कपाटात पडून राहिलेली एखादी मोहोरबंद पिशवी म्हणजे कोठडीत वाढणारे कोणाचे तरी महिने, हा संबंध प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे.

शेवटी प्रश्न येतो अहवाल लिहिण्याचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार रासायनिक परीक्षक, प्रयोगशाळांचे संचालक, अंगुलिमुद्रा विभागाचे संचालक, एवढेच काय, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक यांचे अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येत असत, आणि नव्या संहितेच्या कलम ३२९ मध्ये तीच व्यवस्था पुढे चालू आहे. म्हणजे अनेक खटल्यांत तज्ज्ञ न्यायाधीशासमोर उभाच राहत नाही. त्याच्या वतीने कागद बोलतो. त्या कागदावर ‘विष आढळले नाही’ एवढेच लिहिले असेल, तर वाचणारा त्याचा हवा तो अर्थ काढील. कोणत्या विषांसाठी चाचणी केली, कोणत्या केली नाही, नमुना कोणत्या अवस्थेत मिळाला, मोहोर शाबूत होती का, आणि या निष्कर्षातून कोणता निष्कर्ष काढता येत नाही, हे अहवाल लिहिणाऱ्यानेच नोंदवायला हवे; आणि ते त्याला विद्यापीठातच, लागू आणि सारडा हे दोन्ही निकाल समोर ठेवून, लिहायला शिकवता येते.